एका बिल्डमधील दोन आवृत्त्या: लायब्ररींच्या संघर्षाचे निदान आणि निरसन

(झाशी येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

संघर्ष कसा उभा राहतो

एका प्रोग्रामच्या बिल्डमध्ये एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या मागितल्या जातात आणि जागा मात्र एकीलाच असते, तेव्हा आवृत्त्यांचा संघर्ष उभा राहतो. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कोणी लिहून, तपासून वापरासाठी खुला केलेला तयार कोड. तारखा वाचणे, पीडीएफ तयार करणे, डेटाबेसशी व्यवहार करणे, देवनागरी शब्द अकारविल्हे लावणे ही कामे आज कोणी मुळापासून लिहीत बसत नाही. त्यांसाठी लायब्ररी घेतल्या जातात. स्वतःचा कोड आणि या लायब्ररी एकत्र आणून चालवण्याजोगा प्रोग्राम तयार करणे, या सगळ्या प्रक्रियेला बिल्ड म्हणतात.

लायब्ररीसुद्धा दुसऱ्या लायब्ररींवर उभ्या असतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याने पाच नावे मागितली, तरी त्या पाचांच्या मागण्या, त्या मागण्यांच्या मागण्या असे करत यादी पन्नासावर जाते. २००५ मध्ये आलेल्या मॅव्हन २ या साधनाने जावाच्या जगात ही सगळी साखळी आपोआप उतरवून घेण्याची सोय केली. त्याने श्रम वाचले, पण त्याबरोबर बिल्डमध्ये नेमके काय आले हे पाहण्याची सवयही सुटली. मागणी करणाऱ्याने ज्या लायब्ररीचे नावही ऐकलेले नसते, तिच्यावरूनच बहुतेक वेळा भांडण होते. प्रोग्रामला ‘क’ आणि ‘ख’ हव्या असतात. ‘क’ला ‘ग’ची जुनी आवृत्ती लागते, ‘ख’ला नवी. वर एक टोक, मध्ये दोन, खाली पुन्हा एक, असा आकार होतो म्हणून या रचनेला डायमंड डिपेंडन्सी म्हणतात. बहुतेक सारे संघर्ष याच आकाराचे असतात.

नाव तेच राहून आतला मजकूर बदलतो, ही गोष्ट झाशीच्या मराठी वाचकाला ग्रंथांवरून परिचित आहे. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी भाषेवर आणि मजकुरावर संस्कार करून प्रसिद्ध केला. मूळ हस्तलिखिताला धरून असलेला पाठ दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये छापला. १८५८च्या झाशीच्या वेढ्यावर लिहिणाऱ्याने ‘माझा प्रवास’मधला पृष्ठांक दिला आणि आवृत्ती सांगितली नाही, तर त्या पृष्ठावर वाचकाला भलताच मजकूर सापडेल. बिल्डमधली लायब्ररीही नाव आणि आवृत्ती या दोहोंनी मिळूनच ओळखावी लागते.

या विषयाचे मर्म थोडक्यात सांगता येते. दोन मागण्या जुळत नसल्या की साधन बहुधा कुठली तरी एक आवृत्ती निवडते. ती निवड बरोबर आहे की नाही हे साधनाला कळत नाही. ते ठरवणे, तपासणे आणि लिहून ठेवणे हे बिल्ड करणाऱ्याचे काम आहे.

‘ॲ’ या अक्षराची गोष्ट

समजा, झाशीतल्या एखाद्या ग्रंथसंग्रहाची संगणकीय सूची करायची आहे. झाशीच्या नेवाळकर राजघराण्याच्या काळापासून या शहरात मराठी कुटुंबे राहत आली आहेत. त्यामुळे संग्रहात मराठी आणि हिंदी दोन्ही पुस्तके असणार. लिपी एक असली तरी अक्षरक्रम एक नाही. मराठी कोशपरंपरेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, तर युनिकोडच्या क्रमांकांत तो ‘ल’च्या शेजारी बसला आहे. नुसत्या क्रमांकांनी यादी लावली तर मराठी वाचकाला पुस्तक अपेक्षित जागी सापडणार नाही. भाषेनुसार क्रम लावण्याचे, अक्षर ओळखण्याचे आणि शब्द तोडण्याचे नियम ‘आयसीयू’ नावाच्या मुक्त लायब्ररीत असतात. तिचे जावातले रूप म्हणजे आयसीयू-फोर-जे.

आता समजा, सूचीच्या प्रोग्रामने दोन लायब्ररी घेतल्या: एक शोधासाठी, एक छपाईसाठी. शोधाची लायब्ररी आयसीयूची ३.८ ही आवृत्ती मागते, छपाईची ४.०. या दोन आवृत्त्यांमधला एक फरक मराठीच्या दृष्टीने मोलाचा आहे. ३.८मध्ये युनिकोड ५.०ची माहिती आहे, ४.०मध्ये युनिकोड ५.१ची. ‘ॲ’ हे अक्षर यू+०९७२ या क्रमांकाने युनिकोडमध्ये आले ते २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. म्हणजे ४.०ला ‘ॲ’ हे अक्षर म्हणून ठाऊक आहे, ३.८च्या लेखी ती जागा रिकामी आहे.

शोधाचा कोड अक्षरे आणि मात्रा वगळता इतर कुठल्याही चिन्हावर शब्द तोडत असेल, तर ३.८ पुढ्यात असताना ‘ॲडव्होकेट’ या शब्दातला ‘ॲ’ गळून पडतो आणि अनुक्रमणिकेत ‘डव्होकेट’ उरतो. वाचक ‘ॲडव्होकेट’ शोधतो तेव्हा शोधाच्या शब्दाचीही तशीच मोडतोड होते, त्यामुळे कधी उत्तर सापडते. पण शोध एका यंत्रावर ३.८ने आणि अनुक्रमणिका दुसऱ्या यंत्रावर ४.०ने तयार झाली, तर पुस्तक सूचीत असूनही मिळत नाही. बिल्ड यशस्वी होते, प्रोग्राम सुरू होतो, कुठे लाल अक्षरांत सूचना येत नाही. चूक फक्त वाचकाला दिसते, आणि त्याला वाटते पुस्तकच नाही.

हे आयसीयूपुरतेच नाही. अक्षरांची माहिती जावाच्या गाभ्यातही असते. जावा ६ युनिकोड ४.०वर आधारलेली होती, २०११ मध्ये आलेली जावा ७ युनिकोड ६.०वर. त्यामुळे ‘ॲ’ अक्षर आहे का, या प्रश्नाला जावा ६ ‘नाही’ म्हणते आणि जावा ७ ‘होय’. प्रोग्रामचा एक भाग आयसीयूला विचारतो आणि दुसरा जावाला, तर एकाच बिल्डमध्ये एकाच अक्षराबद्दल दोन मते नांदू शकतात.

आवृत्तीचा क्रमांक काय सांगतो

टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी मांडलेली सिमँटिक व्हर्जनिंग ही पद्धत आज सर्वाधिक प्रचारात आहे; तिचा २.०.० हा मसुदा २०१३ चा. क्रमांकाचे तीन भाग असतात. वापरणाऱ्याचा कोड मोडेल असा बदल झाला तर पहिला आकडा वाढतो. जुने सगळे शाबूत ठेवून नवीन सोय दिली तर दुसरा. नुसती दुरुस्ती असेल तर तिसरा. ‘२.३.१ मागितली आहे, २.७.० दिली तर चालेल’ हा निष्कर्ष या वचनावरच काढला जातो.

मात्र हे वचन माणसांनी दिलेले असते आणि सगळ्यांनी ते दिलेले नसते. आयसीयूचे ३.८ आणि ४.० हे क्रमाने आलेले नेहमीचे रिलीज होते. पहिला आकडा बदलला म्हणून काही मोठी मोडतोड झाली नव्हती. पुढे २०१२ मध्ये ४.८नंतर या लायब्ररीने थेट ४९ हा क्रमांक घेतला. सिमँटिक पद्धत गृहीत धरून हे आकडे वाचणारा दोन्ही ठिकाणी फसतो. उलट, केवळ दुरुस्ती म्हणून आलेल्या रिलीजमध्ये एखाद्या जुन्या चुकीवर विसंबलेला कोड कोलमडतो, हेही अनेकदा घडते. म्हणून क्रमांक पाहून अंदाज बांधावा, खात्री मात्र त्या लायब्ररीच्या बदलांच्या नोंदी वाचून आणि टेस्ट चालवून करावी.

सुसंगतीचेही प्रकार आहेत. नवी आवृत्ती घेऊन कोड पुन्हा कंपाइल केला तर चालतो, ही एक सुसंगती. आधीच कंपाइल झालेली दुसरी लायब्ररी न बदलता नव्या आवृत्तीसोबत चालते, ही दुसरी आणि अधिक कडक. जावाच्या बिल्डमधल्या लायब्ररी आधीच कंपाइल झालेल्या, ‘जार’ नावाच्या फाइलच्या रूपात येतात, त्यामुळे संघर्षात या दुसऱ्या सुसंगतीचाच कस लागतो. आणि सर्व मेथड जागच्या जागी असून त्यांचे वागणे बदलले, ही तिसरी पातळी. ‘ॲ’चे उदाहरण या तिसऱ्या पातळीचे आहे, आणि हीच हेरायला सर्वांत कठीण.

दुसऱ्या पातळीचे उदाहरण गुगलच्या ग्वावा या लायब्ररीत सापडते. तिच्या ‘ऑब्जेक्ट्स’ या क्लासमधली ‘टू-स्ट्रिंग-हेल्पर’ ही मेथड १८व्या आवृत्तीत ‘मोअर-ऑब्जेक्ट्स’ या नव्या क्लासमध्ये देण्यात आली आणि २१व्या आवृत्तीत जुन्या जागेवरून काढून टाकण्यात आली. जुन्या जागेवर भिस्त ठेवून कंपाइल झालेली लायब्ररी २१सोबत चालवली, तर ती ओळ येताच प्रोग्राम ‘नो-सच-मेथड-एरर’ देऊन थांबतो. ही चूक बिल्डच्या वेळी दिसत नाही. ती ओळ प्रत्यक्ष चालेपर्यंत दबा धरून बसते. एखादी ओळ वर्षाअखेरच्या अहवालातच चालत असेल, तर चूकही वर्षाअखेरीलाच उगवते.

साधने निवड कशी करतात

मॅव्हनचा नियम अंतराचा आहे. प्रोग्रामपासून साखळीत जी मागणी सर्वांत जवळ, तिची आवृत्ती घेतली जाते. अंतर सारखे असेल तर पॉम फाइलमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या मागण्या लिहिलेल्या फाइलमध्ये, जिचे नाव आधी, तिची. सूचीच्या उदाहरणात आयसीयूच्या दोन्ही मागण्या दुसऱ्या पायरीवर आहेत. म्हणजे शोधाची लायब्ररी आधी लिहिली तर ३.८ येईल, छपाईची आधी लिहिली तर ४.०. फाइलमधल्या दोन नोंदींची अदलाबदल झाली आणि ‘ॲ’ अक्षर ठरले किंवा ठरले नाही, इतका नाजूक हा मामला आहे. नियम अंदाजाला सोपा आहे, पण नवी आवृत्ती डावलून जुनी घेण्याचा धोका त्यात कायमचा आहे.

जावाच्याच जगातले ग्रेडल हे दुसरे साधन सर्वांत वरची आवृत्ती घेते. सूचीला इथे ४.० मिळेल. नवी आवृत्ती जुन्यांना सांभाळून घेईल असा विश्वास या नियमामागे आहे. ग्वावाच्या उदाहरणात तो विश्वास खोटा ठरतो. ग्रेडलमध्ये ‘हीच आवृत्ती, दुसरी नको’ अशी कडक अट घालता येते आणि संघर्ष दिसताच बिल्ड थांबवण्याची आज्ञाही देता येते.

पायथॉनमध्ये एका वातावरणात एका लायब्ररीची एकच आवृत्ती राहते. पिप हे साधन पूर्वी पहिली दिसलेली मागणी धरून पुढे जात असे आणि नंतरची मागणी मोडली तरी काम उरकत असे. नोव्हेंबर २०२० मधील २०.३ या आवृत्तीपासून ते सर्व मागण्या एकत्र तपासते, अडले की मागे फिरून दुसरी आवृत्ती आजमावते आणि काहीच जुळले नाही तर स्पष्ट नकार देते. या बदलाने अनेकांची बिल्ड अडली. खरे तर आधी लपून राहिलेले संघर्ष त्या दिवशी उघडे पडले.

जावास्क्रिप्टच्या एनपीएमने दुसरी वाट धरली: ज्याला जी आवृत्ती हवी, तिची प्रत त्याच्या फोल्डरमध्ये ठेवायची. संघर्ष टळतो, पण एकाच लायब्ररीच्या अनेक प्रती जमा होतात. रिॲक्टसारखी लायब्ररी दोनदा आली तर दोन्ही प्रती आपापली स्थिती वेगळी राखतात आणि पडद्यावरचे घटक बिघडतात. अशा लायब्ररींसाठी ‘ही वापरणाऱ्यानेच आणावी, एकच आणावी’ असे सांगणारी पीअर डिपेंडन्सीची सोय करावी लागली. रस्टचे कार्गो मधला मार्ग घेते: सिमँटिक पद्धतीने सुसंगत असलेल्या मागण्या एका आवृत्तीत मिटवते आणि विसंगत असतील तर दोन्ही शेजारी शेजारी ठेवते.

गो भाषेचा मार्ग या सर्वांपेक्षा वेगळा आहे. २०१८ मध्ये रस कॉक्स यांनी मांडलेली आणि गो १.११पासून आलेली ही पद्धत प्रत्येकाला ‘निदान इतकी तरी आवृत्ती हवी’ एवढेच सांगू देते. साधन त्या किमान मागण्यांतली सर्वांत मोठी आवृत्ती घेते. बाजारात त्याहून नवी आली असली तरी तिकडे पाहत नाही. सुसंगती मोडणारी नवी पिढी आली की लायब्ररीच्या आयात नावातच ‘व्ही२’ जोडायचे, म्हणजे ती वेगळी लायब्ररीच ठरते. निवड सोपी, जलद आणि दर वेळी तीच येते.

जुळणी करणे इतके अवघड का

दोन मागण्या डोळ्यांनी जुळवता येतात. शेकडो मागण्या जुळवताना गणित आडवे येते. वीस लायब्ररी आणि प्रत्येकीच्या दहा आवृत्त्या घेतल्या, तरी शक्य संयोगांची संख्या १० चा २० वा घात होते. एकेक संयोग तपासत जाणे नेहमीच्या यंत्राच्या आवाक्याबाहेरचे आहे.

हा प्रश्न तर्कशास्त्राच्या भाषेत मांडता येतो. ‘आयसीयू ४.० घेतली आहे’ हे एक विधान, खरे किंवा खोटे. ‘छपाईची लायब्ररी घेतली तर आयसीयू ४.० घेतलीच पाहिजे’ ही एक अट. ‘आयसीयूची एका वेळी एकच आवृत्ती’ ही दुसरी. सगळ्या अटी एकत्र खऱ्या होतील असे विधानांचे वाटप आहे का, असा प्रश्न उरतो. स्टीफन कुक यांनी १९७१ मध्ये ज्याचे काठिण्य सिद्ध केले, तो बूलीय समाधेयतेचा प्रश्न हाच. युरोपातील ‘ईडॉस’ प्रकल्पातील संशोधकांनी २००६ मध्ये दाखवून दिले की लिनक्स वितरणातले पॅकेज बसवता येईल का हे ठरवणे याच ‘एनपी-पूर्ण’ वर्गात मोडते. म्हणजे प्रत्येक प्रसंगी झटपट उत्तर देणारी रीत आजवर कोणाला सापडलेली नाही.

प्रत्यक्षात मात्र बहुतेक प्रसंग सुटतात, कारण अटींना आकार असतो. समाधेयता सोडवणारी प्रगत साधने २००८च्या सुमारास ओपनसुसे आणि एक्लिप्समध्ये दाखल झाली. नताली वायझेनबॉम यांनी २०१८ मध्ये डार्ट भाषेसाठी ‘पबग्रब’ ही रीत मांडली. पुढे पायथॉनच्या पोएट्री आणि यूव्ही यांनीही ती उचलली. तिचा मोठा गुण असा की अपयश आल्यावर ती कारणांची साखळी सांगते: छपाईला ४.० हवी, शोधाला ३.८च हवी, म्हणून दोन्ही एकत्र शक्य नाहीत. ‘जमत नाही’ एवढ्यावर न थांबता ‘का जमत नाही’ हे माणसाला समजेल असे सांगणारे साधनच निर्णयाला खरी मदत करते. गो भाषेची पद्धत या गणिताच्या फेऱ्यात सापडत नाही, कारण ‘याच्यापुढची नको’ अशी वरची मर्यादा तिने मुळातच नाकारली आहे.

दोन्ही आवृत्त्या एकत्र ठेवणे

एकही आवृत्ती दोघांना चालत नसेल, तर दोन्ही ठेवण्याचा मार्ग उरतो. आयसीयूच्या सी भाषेतल्या रूपाने तो फार पूर्वीच धरला. या लायब्ररीच्या प्रत्येक फंक्शनच्या नावाला आवृत्तीचा आकडा चिकटलेला असतो. आवृत्ती ७२मधले फंक्शन आणि आवृत्ती ७०मधले तेच फंक्शन लिंकरच्या दृष्टीने वेगळ्या नावांचे असतात, त्यामुळे एकाच प्रक्रियेत दोन्ही गोंधळ न होता राहतात. डेबियन या लिनक्स वितरणात पॅकेजचे नावही ‘लिबआयसीयू७२’ असे आवृत्तीसकट असते. सी-डॅक या संस्थेने विकसित केलेले बॉस लिनक्स डेबियनवरच आधारलेले असल्याने हीच रचना तिथेही आढळते. लिनक्समधल्या ग्लिबसी या मूलभूत सी लायब्ररीने थोडी निराळी रीत घेतली: फाइल एकच, पण आतल्या प्रत्येक चिन्हावर ते कोणत्या आवृत्तीत आले त्याचा शिक्का, म्हणजे जुन्या प्रोग्रामला जुने वागणे मिळते.

जावामध्ये हे काम शेडिंगने होते. लायब्ररीची एक प्रत स्वतःच्या जार फाइलमध्ये घ्यायची आणि तिच्या सर्व क्लासचे पॅकेजनाव बदलायचे. प्रचंड माहितीवर प्रक्रिया करणाऱ्या हडूप या साधनाच्या २.x मालिकेत ग्वावा ११.०.२ होती, त्यामुळे हडूपसोबत आपला कोड चालवणाऱ्याला नवी ग्वावा घेता येत नसे. डिसेंबर २०१७ मधील हडूप ३.०.०ने क्लायंटसाठी शेड केलेल्या जार दिल्या आणि ही ग्वावा वापरणाऱ्यांच्या वाटेतून दूर झाली.

या मार्गाच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्या लागतात. एका प्रतीत तयार झालेली वस्तू दुसऱ्या प्रतीच्या हाती दिली तर ती परकी ठरते. जावात दोन क्लासलोडरनी एकच क्लास वेगवेगळा चढवला, तर अमुक नावाचा क्लास त्याच नावाच्या क्लासमध्ये बदलता येत नाही, अशी चक्रावून टाकणारी चूक येते. दोन्ही नावे सारखीच दिसतात. क्लास मात्र दोन असतात. म्हणून जी लायब्ररी केवळ आतल्या आत वापरली जाते तीच शेड करावी; जिच्या वस्तू बाहेर देवाणघेवाणीत येतात तिच्यासाठी एकच आवृत्ती ठरवण्याखेरीज गत्यंतर नाही. शिवाय शेड केलेल्या प्रतीत सुरक्षेची दुरुस्ती आपोआप पोहोचत नाही.

निदान आणि निरसनाचा क्रम

पहिली पायरी म्हणजे झाड पाहणे. मॅव्हनमध्ये डिपेंडन्सीचे झाड सविस्तर छापून घेता येते. संघर्षामुळे वगळलेली प्रत्येक आवृत्ती त्यात तशी नोंदवलेली असते. ग्रेडलमध्ये एकच लायब्ररी घेऊन ती कोणत्या वाटेने आली आणि हीच आवृत्ती का निवडली गेली हे विचारता येते. सूचीच्या झाडात ‘आयसीयू ४.०, ३.८शी संघर्षामुळे वगळली’ अशी एक ओळ दिसते, आणि अर्धे निदान तिथेच होते.

दुसरी पायरी: मागणी करणाऱ्यांनाच एकमताला आणणे. शोधाच्या लायब्ररीची नवी आवृत्ती ४.० मागत असेल, तर ती घेणे हा सर्वांत निकोप उपाय, कारण त्या लेखकांनी ती जोडी स्वतः तपासलेली असते.

तिसरी पायरी: तसे शक्य नसेल तर आवृत्ती उघडपणे ठरवून देणे. मॅव्हनच्या पॉम फाइलमध्ये ‘डिपेंडन्सी मॅनेजमेंट’ या भागात आयसीयू ४.० असे एकदा लिहिले, की मागणी कुठूनही आली तरी तीच येते; नोंदींच्या क्रमाचा प्रश्न मिटतो. एकमेकींशी तपासलेल्या आवृत्त्यांची यादी प्रकल्पांकडून ‘बॉम’ या नावाने मिळते. ती घेतली तर एकेक आकडा स्वतः ठरवावा लागत नाही. कोणती आवृत्ती ठरवली याच्या शेजारी ती का ठरवली याची एक ओळ लिहिणे ही या पायरीची अर्धी किंमत आहे. कारण न लिहिलेला आकडा दोन वर्षांनी कोणी काढायला धजत नाही आणि ठेवायलाही कोणाकडे आधार नसतो.

चौथी पायरी: एखादी वाट बंद करणे, म्हणजे अमुक लायब्ररीमार्फत येणारी आयसीयू नको असे सांगणे. हा उपाय जपून वापरावा. लागणारी वस्तूच काढून टाकली तर प्रोग्राम चालताना क्लास सापडत नाही. पाचवी आणि शेवटची पायरी शेडिंगची.

पुढे असा संघर्ष गुपचूप शिरू नये म्हणून बिल्डलाच पहारा लावता येतो. मॅव्हनच्या एनफोर्सर प्लगइनमध्ये दोन नियम कामाचे आहेत: एक, सर्व वाटांनी एकच आवृत्ती आली पाहिजे, दोन, कोणी मागितलेल्या आवृत्तीपेक्षा खालची निवडली जाता कामा नये. दुसरा नियम लावला असता तर सूचीत ३.८ येताच बिल्ड थांबले असते.

तपासणी आणि साठलेली माहिती

बिल्ड पुरे झाले म्हणजे निरसन पुरे झाले असे नाही. वागणुकीतला बदल टेस्टनेच पकडता येतो, आणि टेस्टमध्ये ती भाषा असावी लागते. केवळ इंग्रजी नावांवर टेस्ट लिहिलेल्या प्रोग्रामला ‘ॲ’चा दोष कधीच सापडणार नाही. मराठी वाचकांसाठी असलेल्या प्रोग्रामच्या टेस्टमध्ये ‘ॲ’, ‘ऑ’, ‘ऱ्या’तला अर्धा र, ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ असलेले शब्द असलेच पाहिजेत. २००८ पूर्वी ‘ॲ’ अक्षर नसल्याने कित्येक नोंदींत ‘अ’वर चंद्र देऊन ते लिहिले गेले. युनिकोड या दोन लिखाणांना समान मानत नाही, त्यामुळे जुनी नोंद आणि नवा शोध यांची भेट प्रोग्रामनेच घालून द्यावी लागते.

साठवलेल्या माहितीवरही आवृत्तीची छाया पडते. अक्षरक्रमाचे नियम आयसीयूच्या आवृत्तीगणिक बदलू शकतात आणि डेटाबेसमधली अनुक्रमणिका त्या क्रमानेच रचलेली असते. जुन्या क्रमाने रचलेल्या अनुक्रमणिकेत नव्या क्रमाने शोधले तर असलेली नोंद सापडत नाही. म्हणून पोस्टग्रेस हा डेटाबेस आयसीयूच्या क्रमनियमांची आवृत्ती नोंदवून ठेवतो आणि ती बदललेली दिसली की इशारा देतो. अशा वेळी अनुक्रमणिका पुन्हा बांधावी लागते. लायब्ररी बदलताना कोणती माहिती तिच्या नियमांनी साठवली आहे, याची यादी आधी हाती असणे आवश्यक आहे.

सुरक्षा आणि सततची देखभाल

डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे या जावाच्या नोंदवही लायब्ररीत एक गंभीर दोष उघड झाला. नोंदवल्या जाणाऱ्या मजकुरात विशिष्ट अक्षरे पेरून दूरच्या यंत्रावर हवा तो कोड चालवता येत होता. २.१४.१पर्यंतच्या आवृत्त्यांत तो दोष होता, २.१५.० आली, त्यातही उणीव सापडून काही दिवसांत २.१६.० आणि २.१७.० आल्या. दुरुस्ती उपलब्ध होती, तरी अनेक संस्थांना आपण ही लायब्ररी वापरतो की नाही हेच सांगता येईना. ती साखळीत चौथ्या-पाचव्या पायरीवर, कधी शेड केलेल्या जारमध्ये दडलेली होती. संघर्ष निवारताना कोणती आवृत्ती अखेर आली याची नोंद ठेवणाऱ्यांना उत्तर लगेच देता आले.

ही नोंद दोन रूपांत ठेवली जाते. लॉक फाइलमध्ये निवडलेली प्रत्येक आवृत्ती आणि बहुधा तिची छापही लिहिलेली असते, त्यामुळे झाशीतल्या यंत्रावर आणि पुण्यातल्या सर्व्हरवर तेच बिल्ड तयार होते. दुसरे रूप म्हणजे प्रोग्रामसोबत दिली जाणारी घटकसूची, जिला एसबॉम म्हणतात. भारताच्या सर्ट-इन या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये तिच्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. दवाखाने, बँका, नगरपालिका यांच्या प्रोग्राममध्ये काय आहे हे नागरिकांच्या वतीने विचारता येण्यासाठी ही सूची लागते.

लॉक फाइल बिल्ड स्थिर ठेवते, पण ती वर्षानुवर्षे तशीच राहिली तर एका झटक्यात पन्नास आवृत्त्या चढण्याची वेळ येते आणि संघर्ष एकमेकांत गुंततात. ठरावीक काळाने थोड्या थोड्या लायब्ररी पुढे नेणे, प्रत्येक वेळी टेस्ट चालवणे, बदललेली लॉक फाइल सहकाऱ्याकडून तपासून घेणे आणि घालून ठेवलेली प्रत्येक अट अजून लागते का हे पाहणे, अशी ही देखभाल आहे. ती नियमित झाली की संघर्ष एक-दोन लायब्ररींपुरता राहतो, त्याचे कारण झाडात दिसते आणि त्याचा निर्णय कारणासह नोंदवता येतो.